पान हाताने लावण्याचा खोटा अभिमान

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की छपाईच्या वर्तुळात एक मत हमखास ऐकू येतं. स्टाइल वगैरे हे इंग्रजी प्रकाशकांचे चोचले आहेत. मराठी पान डोळ्यांनी लावायचं असतं, आणि कसलेल्या ऑपरेटरच्या हाताला जे कळतं ते सॉफ्टवेअरच्या यादीला कळत नाही. या मताची एक सौम्य आवृत्तीही आहे आणि तीच जास्त फसवी आहे. ती म्हणते, फॉन्ट आणि पॉइंट साइज खुशाल स्टाइलमध्ये ठेवा. पण ओळ डावीकडे घ्यायची, मधोमध ठेवायची की दोन्ही कडांना भिडवायची, हे त्या त्या पानावर बघूनच ठरवायचं. अलाइनमेंट ही म्हणे जागेवरची गोष्ट आहे.

मला हे मत दोन्ही रूपांत अमान्य आहे. अलाइनमेंट हा संपादकीय निर्णय आहे. तो एकदा घ्यायचा असतो आणि नावानिशी नोंदवून ठेवायचा असतो. ती नोंद करण्याची जागा पॅराग्राफ स्टाइल हीच आहे. पानापानावर हाताने अलाइनमेंट लावण्याला आपण कसब म्हणतो, पण बहुतेक वेळा ते संपादकाने न घेतलेल्या निर्णयाचं ओझं ऑपरेटरच्या डोक्यावर टाकणं असतं.

धंद्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. पेजमेकर, इनडिझाइन, क्वार्क, स्क्रायबस, यांपैकी कोणतंही सॉफ्टवेअर घ्या. परिच्छेदाला रूप देण्याचे दोन मार्ग त्यात असतात. एक म्हणजे मजकूर निवडायचा आणि कळ दाबायची: इनडिझाइनमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी म्हणजे मधोमध, एल म्हणजे डावीकडे, जे म्हणजे जस्टिफाय. दुसरा मार्ग म्हणजे ‘लेखशीर्षक’, ‘लेखकाचं नाव’, ‘मूळ मजकूर’, ‘कविता’ अशा नावांच्या स्टाइल बनवायच्या, प्रत्येकीत फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर आणि अलाइनमेंट एकदाच भरायची आणि परिच्छेदाला फक्त नाव द्यायचं. शिंप्याच्या मापांच्या वहीसारखं हे आहे: गिऱ्हाइकाचं नाव काढलं की मापं समोर. वही ठेवणाऱ्या शिंप्याला हात नाही, असं कोणी म्हणत नाही.

आता पहिला युक्तिवाद वेळेचा. तीन बोटं दाबली की काम होतं, स्टाइल बनवत कोण बसणार? पान एकदाच लावायचं असतं तर हे बिनतोड ठरलं असतं. पण दिवाळी अंकाचं पान एकदा कधी लागतं? पहिलं प्रूफ जातं, लेखक दोन परिच्छेद वाढवून पाठवतो, जाहिरात येते, जाहिरात जाते. आणि अंक फर्म्याला जायच्या तोंडावर संपादक म्हणतात, ‘शीर्षकं मधोमध नकोत, डावीकडे घेऊ या.’ अंकात चाळीस लेख-कथा असतील, तर चाळीस शीर्षकं, तेवढीच लेखकांची नावं आणि दर लेखात दोन-तीन उपशीर्षकं धरली तरी पावणेदोनशेच्या घरात जागा होतात. स्टाइल असेल तर तीनदा बदल करायचा आणि चहा घ्यायचा. हाताने लावलं असेल तर पावणेदोनशे जागा शोधायच्या, त्यातल्या सात-आठ सुटणार आणि नेमक्या त्याच छापून येणार. शिवाय आपल्याकडे अक्षरजुळणीचे पैसे पुष्कळदा पानामागे ठरलेले असतात, तासामागे नव्हे. म्हणजे संपादकाच्या उशिरा सुचलेल्या शहाणपणाची किंमत ऑपरेटर स्वतःच्या रात्रीतून भरतो किंवा भरते. या कामात स्त्रिया पुष्कळ आहेत. ‘हाताचं कसब’ हे शब्द या लोकांच्या कौतुकासाठी वापरले जातात तेव्हा मला म्हणूनच जरा चीड येते. त्या कौतुकात फुकटच्या दुरुस्त्या दडलेल्या असतात.

पण वेळेपेक्षा मोठा मुद्दा पानाच्या बाजूचा आहे. डावं पान आणि उजवं पान ही वेगळी पानं असतात. समजा, अंकाच्या सजावटीत लेखकाचं नाव आणि चित्राची ओळ पानाच्या बाहेरच्या कडेला भिडवायची असं ठरलं. ऑपरेटरने डाव्या पानावर ती डावीकडे आणि उजव्या पानावर उजवीकडे घेतली. देखणं दिसलं. मग ऐन वेळी पान 37 वरची जाहिरात रद्द झाली आणि मजकूर एक पान अलीकडे सरकला. आता पुढचं प्रत्येक डावं पान उजवं झालं आणि उजवं डावं. पानांचे आकडे मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांच्या सामाईक साच्यावर होते, ते आपसूक योग्य कडेला गेले. हाताने लावलेली लेखकांची नावं आणि चित्रओळी मात्र सगळ्या आतल्या बाजूला, शिवणीच्या खाचेत जाऊन बसल्या. कोणीही चूक केलेली नाही. ऑपरेटरने डोळ्यांनीच पान लावलं होतं आणि त्या क्षणी ते बरोबर होतं.

इनडिझाइनमध्ये डावीकडे, मध्ये, उजवीकडे यांच्या जोडीला आणखी दोन पर्याय असतात: शिवणीकडे आणि शिवणीपासून दूर. ‘चित्रओळ’ या स्टाइलमध्ये ‘शिवणीपासून दूर’ एवढं भरलं की पान कुठल्याही बाजूला पडो, ओळ बाहेरच्याच कडेला जाते. कारण संपादकाच्या मनात होतं ते ‘बाहेरच्या कडेला’. ‘उजवीकडे’ हे त्या दिवशी त्या पानावर निघालेलं त्याचं उत्तर होतं. हाताने लावणारा उत्तर लिहितो. स्टाइल नियम लिहिते. अलाइनमेंट जागेवरच ठरते म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचं काय करायचं ते सांगावं.

दुसरा युक्तिवाद मराठीपणाचा. हे सॉफ्टवेअर परक्यांचं, त्यांच्या स्टाइल त्यांच्या लिपीसाठी. देवनागरीला हातच लागतो. माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे. रोमन लिपीत अलाइनमेंट बेफिकीरपणे लावली तर पान थोडं गबाळं दिसतं. देवनागरीत ती बेफिकिरी अक्षरच मोडते.

जस्टिफाय म्हणजे ओळ दोन्ही कडांना भिडवणं. त्यासाठी कुठेतरी जागा ताणावी लागते: शब्दांमधली, अक्षरांमधली किंवा खुद्द अक्षराची रुंदी. रोमनमध्ये अक्षरांमध्ये केसभर जागा वाढवली तर चालून जातं. देवनागरीत अक्षरांमध्ये जागा घातली की शिरोरेषा तुटते. एकसंध शब्द फुटलेल्या कौलांसारखा दिसतो आणि तरीही मराठी अंकांत अशा ओळी सर्रास दिसतात, कारण एखादी ओळ बसत नाही म्हणून कोणीतरी हाताने ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं असतं. इनडिझाइनच्या जस्टिफिकेशनच्या चौकटीत शब्दांमधल्या जागेसाठी किमान 80, अपेक्षित 100 आणि कमाल 133 टक्के हे आकडे मुळातच भरलेले असतात, तर अक्षरांमधल्या जागेसाठी तिन्ही ठिकाणी शून्य असतं. देवनागरीसाठी ते शून्य शून्यच राहायला हवं. ही अट कुठे लिहून ठेवणार? ऑपरेटरच्या आठवणीत की ‘मूळ मजकूर’ या स्टाइलमध्ये?

त्याच चौकटीत आणखी एक निवड असते, ओळी मोडणाऱ्या कंपोझरची. 2012 साली आलेल्या सीएस6 पासून इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर आणि मराठीसकट दहा भारतीय भाषांचे कोश आले. युनिकोड मजकुराला हा कंपोझर लावला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. अलाइनमेंट, कंपोझर, भाषा आणि अक्षरांमधली जागा हे एकाच निर्णयाचे भाग आहेत. त्यातला एक हाताने आणि बाकीचे स्टाइलने असं करता येतं खरं, पण तसं करण्याचं कारण मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आणि मराठी शब्द लांब असतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं आपण शब्दालाच जोडून लिहितो. ‘महानगरपालिकेच्या’, ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असे दोन शब्द तीन स्तंभांच्या पानावर एका ओळीत आले की संपलं. तिसरा शब्द बसत नाही, दोनच शब्द ओळीच्या दोन टोकांना जाऊन उभे राहतात आणि मध्ये बोट घालावं एवढी फट. पाच-सहा ओळींत अशा फटी एकाखाली एक आल्या की पानावर पांढरे ओघळ दिसायला लागतात. यावर हातवाल्यांचा उपाय म्हणजे ओळीच्या शेवटी शिफ्ट-एंटर मारणं. त्याने आजची ओळ सुटते. उद्या लेखकाने वर एक शब्द वाढवला की तोच शिफ्ट-एंटर ओळीच्या मध्यावर येतो आणि जस्टिफाय केलेल्या परिच्छेदात अर्धी ओळ ताणून पूर्ण रुंदीची होते.

खरा उपाय संपादकाने घ्यायचा आहे: अरुंद स्तंभात मराठी मजकूर जस्टिफाय करायचाच नाही, डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवायची. मी याच मताचा आहे. काहींना मोकळी कड अव्यवस्थित वाटते. त्यांनी स्तंभ तीनचे दोन करावेत. पण दोन्हींपैकी काही ठरवायचं तर ते अख्ख्या अंकासाठी ठरवावं लागतं. ‘जिथे फट दिसली तिथे लेफ्ट, बाकी जस्टिफाय’ असं पानापानावर डोळ्यांनी ठरवलेला अंक मी पाहिला आहे. तो तीन माणसांनी तीन शहरांत बसून लावल्यासारखा दिसत होता.

कवितेबद्दल थोडं तिखट बोलायची परवानगी असावी. मराठी नियतकालिकांत कविता मधोमध लावण्याची एक साथ आहे. शीर्षक सेंटरला, म्हणून खालच्या ओळीही सेंटरला; एकदा सगळं निवडलं आणि कळ दाबली. प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या ठिकाणी गेल्यावर वाचकाच्या नजरेला परत यायला जागा उरत नाही. मुक्तछंदात कवीने जाणूनबुजून आत घेतलेली ओळ आणि नुसती छोटी ओळ यांतला फरक पुसला जातो. अभंगाची ठेवण जाते, ओवीचं चौथं, आखूड चरण उगाच मिरवतं. कविता पानाच्या मध्यावर हवी असेल तर तिची चौकट मध्यावर सरकवा, ओळी डाव्या कडेलाच राहू द्या. लांब ओळ मोडली तर तिचा उरलेला तुकडा थोडा आत जाईल, हेही ‘कविता’ या स्टाइलमध्ये भरता येतं. मग तो तुकडा नवी ओळ असल्याचा गैरसमज होत नाही. कवीने हे मागितलं पाहिजे. कविता देताना मानधनाची चौकशी करणारे कवी भेटतात (करावीच), डाव्या कडेची चौकशी करणारे फार थोडे.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रतिष्ठित आहे: स्टाइलमुळे पुस्तकं एका साच्याची होतात. पुरावा म्हणून अपवाद दाखवले जातात. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले दृश्यकलावंत होते. 1976 च्या त्यांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी संग्रहात ज्वारीच्या रानात नाचणाऱ्या कोंबड्यांचं एक पान आहे, त्यात शब्द वर-खाली असे विखुरले आहेत की ते नाचणं डोळ्यांना दिसतं. हे पान कोणत्या स्टाइलने लावाल, असा सवाल येतो. कोणत्याच नाही. ते हातानेच लावायचं. पण ते पान नाचतं, कारण त्याच्या आजूबाजूची पानं एका जागी उभी आहेत. सगळीच पानं हाताने थोडी थोडी हललेली असती तर त्या एका पानाचं नाचणं कुणाच्या लक्षात आलं असतं?

शिवाय स्टाइल अपवादाला मनाई करत नाही, ती त्याची नोंद घेते. इनडिझाइनमध्ये स्टाइल लावलेल्या परिच्छेदाची अलाइनमेंट हाताने बदलली की स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह उमटतं आणि असे सगळे अपवाद पानावर रंगवून दाखवणारी सोयही आहे. संपादक प्रत्येक ठिकाणी विचारू शकतो, हे मुद्दाम की चुकून? जिथे सगळंच हाताने लावलं आहे तिथे हा प्रश्नच विचारता येत नाही. साचा म्हणाल तर तो आळसाने येतो: सॉफ्टवेअरने दिलेली मूळची स्टाइल जशीच्या तशी वापरल्याने. त्याचा दोष स्टाइल या कल्पनेवर ढकलण्यात अर्थ नाही.

खिळ्यांच्या काळाची आठवण काढणारेही आहेत. तेव्हा कुठे होत्या स्टाइल, कंपॉझिटर सगळं हातानेच जुळवायचे. जुळवायचे, पण मनाने नव्हे. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक ओळ स्टिकच्या (ओळ जुळवायच्या साच्याच्या) मापाला घट्ट भरावीच लागे, नाहीतर फर्मा आवळताना खिळे निसटत. शेवटची अर्धी ओळसुद्धा कोऱ्या तुकड्यांनी शेवटपर्यंत भरायची. मधोमध घ्यायची ओळ म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे तुकडे. कुठल्या शीर्षकाला किती जागा, श्लोक किती आत, हे छापखान्याच्या रिवाजाने ठरलेलं असे. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांची पानं आजही चाळावीत. मूळ श्लोक, टीका आणि तळटीप यांची ठेवण ग्रंथभर बदलत नाही. बापूराव नाईकांनी 1971 साली ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ तीन खंडांत लिहिलं ते काही प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने चालावं म्हणून नव्हे. त्या पिढीकडे स्टाइलची पट्टी नव्हती, शिस्त होती. आपल्याकडे आता पट्टी आहे आणि ती बंद करून आपण त्या पिढीचा वारसा सांगतो.

पुस्तकाचं आयुष्य पहिल्या छपाईनंतर संपत नाही, हेही या वादात कोणी बोलत नाही. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या संकेतांत जुळवलेली हजारो पानं आज युनिकोडमध्ये न्यावी लागतात. पेजमेकरची फाइल उघडून मजकूर बाहेर काढला की हाताने लावलेल्या अलाइनमेंटची फार तर एवढीच खूण उरते, की हा परिच्छेद मधोमध होता. शीर्षक होतं? उपशीर्षक? प्रकरणाखालचं अवतरण? की दोन प्रसंगांमधल्या तीन फुल्या? ते पुन्हा माणसाने वाचून ठरवायचं. स्टाइलचं नाव असेल तर प्रश्न मिटलेला असतो. ई-बुकमध्येही तेच. इनडिझाइनमधून ईपब काढताना प्रत्येक स्टाइलचा एक वर्ग बनतो आणि हाताने केलेल्या बदलांचे ‘पॅराओव्हरराइड’ नावाचे आकडेवार वर्ग तयार होतात. अशी फाइल दुरुस्त करायला घेतलेल्या माणसाला विचारा, पान डोळ्यांनी लावल्याचं त्याला किती कौतुक वाटतं. स्पेसबार दाबून मधोमध आणलेली ओळ तर मोबाइलच्या पडद्यावर कुठे जाईल, देव जाणे.

विरोधकांची एक गोष्ट मात्र खरी आहे. स्टाइल वाईट वापरल्या जातात. ‘हेडिंग 1 कॉपी 3’, ‘बॉडी नवीन फायनल’ अशा नावांच्या साठ स्टाइल असलेली फाइल हाताने लावलेल्या फाइलपेक्षा वाईटच. लेखकांच्या वर्ड फाइलमधून आलेल्या परक्या स्टाइल आत घुसल्या की गोंधळ वाढतो. मजकूर आत घेताना त्या आपल्या स्टाइलशी जुळवून घेण्याची सोय वापरायला हवी, ती फार थोडे वापरतात. आणि चार पानांचं सोसायटीचं पत्रक असेल तर हाताने लावा, कोणी अडवलेलं नाही. सॉफ्टवेअर परवडत नाही, ही सबब मात्र आता टिकत नाही. स्क्रायबस फुकट मिळतं, 2024 च्या सुरुवातीला आलेली त्याची 1.6 ही स्थिर आवृत्ती देवनागरी नीट जोडते आणि एफ4 दाबलं की त्यात स्टाइलची खिडकी उघडते.

तेव्हा संपादकांना माझी विनंती आहे. पुढच्या अंकाची पहिली कथा जुळणीला पाठवण्याआधी एक कागद घ्या. अंकात परिच्छेदाचे किती प्रकार आहेत ते लिहा. बारा-पंधराच्या वर क्वचितच जातील. प्रत्येकापुढे त्याची अलाइनमेंट लिहा: डावी, मधोमध, जस्टिफाय, शिवणीपासून दूर. ऑपरेटरला शेजारी बसवून तो कागद पक्का करा, कारण कोणत्या रुंदीत जस्टिफाय तग धरेल हे तुमच्यापेक्षा त्याला किंवा तिला जास्त कळतं. खाली सही करा. त्या स्टाइल बनवण्याच्या दिवसाचे वेगळे पैसे द्या. आणि प्रूफ मागाल तेव्हा पीडीएफच्या जोडीला मूळ फाइलही मागून घ्या, ती उघडा आणि नावांपुढे अधिकची चिन्हं किती आहेत ते स्वतः बघा.